सहा पावलं, मग पाच: विलापिकेची गोष्ट

आजचा भाग थोडा वैयक्तिक आहे.

मागच्या वर्षी माझा चुलतभाऊ गेला. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मी तेव्हा बंगळुरूला ऑफिसात होतो. गावी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. फॅमिली ग्रुपवर एकाखाली एक 'भावपूर्ण श्रद्धांजली' येत होतं. मीही काहीतरी टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. शेवटी काहीच पाठवलं नाही.

नंतर कधीतरी विलापिका, म्हणजे एलेजी, याबद्दल वाचायला घेतलं आणि सुरुवातीलाच चक्रावलो. मला वाटायचं एलेजी म्हणजे मरणावरची कविता. पण प्राचीन ग्रीकांकडे एलेजी ओळखली जायची ती तिच्या वृत्तावरून. विषय कुठलाही चालायचा.

शाळेत 'यमाताराजभानसलगा' पाठ केलं होतं ना? त्यातला भ गण आठवा: एक गुरू, दोन लघू. ग्रीक याच मापाला डॅक्टिल म्हणत. त्यांच्याकडेही, संस्कृतसारखंच, वृत्त लघू-गुरूवर चालायचं. असे सहा गण एका ओळीत आले की झाला हेक्झामीटर, म्हणजे होमरच्या महाकाव्यांची ओळ. (दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, शेवटचा गण जरा आखूड असतो, पण ते सोडा.) एलेजीत ही ओळ पहिली. दुसरी तोकडी: अडीच गण, थांबा, परत अडीच गण. गणाला ते लोक 'पाऊल' म्हणायचे. म्हणजे पहिली ओळ सहा पावलं चालते, दुसरी मध्येच अडखळते आणि पाचातच संपते.

या जोडीत त्यांनी काय काय लिहिलं बघा. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात तिर्तेयसनं स्पार्टाच्या सैनिकांना लढायला चेतवलं. मिम्नेर्मसनं निसटून जाणाऱ्या तारुण्याबद्दल लिहिलं. अथेन्सला कायदे देणाऱ्या सोलोननं तर राजकारणसुद्धा याच द्विपदीत मांडलं.

पण 'एलेगॉस' या ग्रीक शब्दाचा एक अर्थ शोकगीत असाही होता, आणि कबरीच्या दगडावर कोरायच्या ओळींसाठी हेच वृत्त रुळत गेलं. दगडावर जागा ती किती! नाव, गाव, कुणाचा कोण, एवढं दोन-चार ओळींत बसवायचं.

मग हे वृत्त रोमला गेलं आणि तिथं प्रेमकवितेचं झालं. ओव्हिड गंमतीनं सांगतो की तो युद्धावर लिहायला बसला होता, पण मदनानं दुसऱ्या ओळीतलं एक पाऊल चोरलं, म्हणून प्रेमावर लिहावं लागलं! याच ओव्हिडला इ. स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसनं काळ्या समुद्राकाठी तोमिसला हद्दपार केलं. आजच्या रोमानियातलं कॉन्स्टान्ट्सा ते हेच. तिथून त्यानं 'त्रिस्तिया' लिहिलं, त्याच वृत्तात. आता मात्र ती तोकडी ओळ गंमतीची राहिली नव्हती.

माझ्या मनात बसला तो त्याच्या आधीचा कातुल्लस. त्याचा भाऊ ट्रॉयच्या परिसरात वारला, घरापासून फार लांब. कातुल्लस समुद्र ओलांडून त्याच्या कबरीपाशी गेला. उशिराच. पूर्वजांच्या रीतीप्रमाणे नैवेद्य ठेवला आणि उत्तर न देणाऱ्या राखेशी बोलला. सगळी कविता दहा ओळींची, म्हणजे पाच जोड्या. वाचताना मला आमच्या गावचा घाट आठवला. मीही उशिरा पोचलो होतो.

आणि एक गोष्ट. कालिदासानं 'कुमारसंभवा'त रतीचा विलाप लिहिला, 'रघुवंशा'त इंदुमतीसाठी अजाचा. दोन्ही वियोगिनी वृत्तात. त्याचेही चरण विषम: एक १० अक्षरांचा, पुढचा ११ चा. या वृत्ताचा ग्रीकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाहीये. पण दुःखाला समान मापाच्या ओळी मानवत नाहीत, असं दोन्हीकडे कुणाला तरी वाटलं असेल का? मला तरी तसं वाटतं. माणूस जातो तेव्हा जोडीतलं एक पाऊल कमी पडतंच.

एक मात्र पटलं. ग्रुपवर माझं अडलं ते भावना नव्हत्या म्हणून नाही. त्या ठेवायला भांडं नव्हतं. कातुल्लसकडे आधीच्या कवींनी घडवलेलं भांडं होतं.

दादा जाऊन आठ महिने झाल्यावर मी काकूला मेसेज केला. दोनच ओळी. दादानं मला सायकल शिकवली तेव्हा मागून धरलेला हात त्यानं कधी सोडला ते मला कळलंच नव्हतं, एवढंच. वृत्तबित्त काही नाही. दुसरी ओळ मात्र आपोआप आखूड झाली.

काकूचा रिप्लाय आला: "जेवलास का रे?"

तुमच्याही कुणासाठी अशा दोन ओळी राहून गेल्या असतील, तर आज लिहा. उशीर झाला असला तरी चालतं. भेटू पुढच्या भागात.