विहिरीचा तळ दिसतो तेव्हा

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत तुम्हाला खिडकी मिळाली आहे. उरुळी मागे पडलं, यवत गेलं. हातात फोन आहे आणि फोनवर बँकेतली शिल्लक. आज महिन्याची 21 तारीख, पगार 31 ला. मधल्या दहा दिवसांत मुलीची फी भरायची आहे, घराचा हप्ता जायचा आहे, वडिलांचं डायलिसिस तर आठवड्यातून दोनदा ठरलेलंच. गेल्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका भल्या माणसानं खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "प्रभूवर भरवसा ठेवा, चिंता करू नका." तुम्ही मान डोलावलीत. घरी येऊन पुन्हा हिशेबाची वही उघडलीत. आणि त्या रात्री एक नवीनच चिंता येऊन बसली: आपल्याला चिंता वाटते, म्हणजे आपला विश्वासच कमी पडतो की काय?

केडगाव आलं. उतरा. फोन खिशात टाका, थोड्या वेळानं तो नुसता काचेचा तुकडा होणार आहे.

आधी बदलतो तो वास. डिझेलचा आणि वडापावच्या तेलाचा वास विरतो आणि त्याच्या जागी धूळ येते, कोरडी, घशाला चिकटणारी. मग पायाखालची जमीन. डांबर संपतं, तापलेला मुरूम लागतो. लोहमार्ग तोच आहे, पण आजूबाजूची दुकानं, टपऱ्या, रिक्षा कुठेच नाहीत. बाभळी उभ्या आहेत, त्यांच्यावर पानं नावालाच. शेतांत उभं पीक म्हणाल तर काही नाही. 1900 च्या सुमाराचा दुष्काळ आहे हा. गुजरातेत याच दुष्काळाला छप्पनियो म्हणतात, कारण त्यांच्या संवताचं ते 1956 वं वर्ष.

समोर लांबच लांब इमारती दिसतात, मधे आवार, आवारात माणसंच माणसं. जवळजवळ सगळ्या बाया आणि मुली. हे मुक्ती सदन. पंडिता रमाबाईंचं.

वाटेवर वाळक्या रोपांच्या रांगा लागतात, तिथे जरा थांबा. या रोपांची गोष्ट कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. 1889 साली रमाबाईंनी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढलं तेव्हा अमेरिकेतल्या मंडळींनी त्याच्या खर्चाचा भार उचलला होता, पण दहा वर्षांपुरता. ती मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न रमाबाईंपुढे पहिल्यापासून होता. त्या काळात त्यांनी जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर, जॉन पॅटन या मिशनऱ्यांविषयी वाचलं. कुणापुढे हात न पसरता, नुसत्या प्रार्थनेच्या बळावर हजारो पोरक्या मुलांना वाढवणारा म्यूलर! आपल्या देशात असं जगता येईल का, हे त्या स्वतःला विचारत राहिल्या. आणि त्यांनी देवाकडे काय मागितलं, तर एक मळा. फळझाडं लावू, फळं विकू, मुलींचा खर्च निघेल. केडगावची ही जमीन त्यासाठी घेतली.

या मागण्याचं मला फार मोल वाटतं. त्यांनी थैली मागितली नाही. जमीन मागितली, म्हणजे नांगर, खत, पाणी, वाट पाहणं हे सगळं त्यात आलंच. पण झाडं हाताशी येण्याआधीच माणसं आली. 1896 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुलींना घेऊन आल्या, सुमारे 300. शारदा सदन तोवर पुण्यात हललं होतं, आणि पुण्यात प्लेगचे दिवस होते, तेव्हा त्या मुलींसाठी हाच मळा उघडावा लागला. उत्पन्नासाठी मागितलेल्या जमिनीनं आधी खाणारी तोंडंच दिली. 1898 मध्ये अमेरिकेची दहा वर्षंही सरली. त्यानंतर ठरलेलं असं उत्पन्न कुठलंच नाही. आणि आता हा दुसरा दुष्काळ, आणि आवारात 1900 च्या आसपास माणसं.

चला आत.

दिवस कलायला लागला आहे. एका बाजूला दगडी बांधकाम चाललं आहे, प्रार्थनामंदिराचं. बांधकामालाही पाणीच लागतं. चुलींचा धूर डोळ्यांत जातो. जात्यांची घरघर थांबत नाही, एक बाई उठली की दुसरी खुंट्याला हात घालते. एवढ्या तोंडांना भाकरी म्हणजे दिवसभर दळणं आणि दिवसभर थापणं.

कोपऱ्यात दहाएक वर्षांची एक मुलगी बसली आहे. गुजरातेतून आलेली. केस काढलेले, मनगटं काटक्यांसारखी. तिला आत्ताच भाकरी मिळाली आहे. ती अर्धी खाते, डावीउजवीकडे पाहते आणि उरलेली अर्धी ओढणीच्या टोकात बांधून कमरेला खोचते. तुम्ही पाहिलंत हे तिच्या लक्षात येतं. ती घाबरून एकच शब्द बोलते, "काले."

तुम्हाला वाटतं, ही कालचं काहीतरी सांगते आहे. पण तिच्या भाषेत काल तेच उद्या. एकाच शब्दात दोन्ही. कालही भूक होती, उद्याही असेल, म्हणून ही अर्धी भाकरी. तिला काय सांगणार? विश्वास ठेव म्हणून? तुमचा हात नकळत खिशातल्या फोनवर गेला आहे.

विहिरीकडे गडबड आहे. या आवारात 1900 माणसं आणि शंभरावर गुरं, सगळ्यांना पाणी पुरवायचं ते दोन विहिरींनी. बाया दोर ओढताहेत. पोहरा वर येतो तो अर्धाच भरलेला, पुढचा पाव, त्याच्या पुढचा नुसता गढूळ. काठावर हात टेकून वाका. खाली गाळ दिसतो, दगड दिसतात, एका दगडावर पोहरा आपटल्याचा आवाज वर येतो. तळ. विहीर संपली.

मुक्तीतल्या या विहिरींची गोष्ट आपण मंडळीत ऐकतो ती बहुधा सकाळची: रोज सकाळी विहिरींत पाणी आलेलं असायचं आणि ते दिवसभर पुरायचं. रमाबाईंनी स्वतः ही साक्ष लिहून ठेवली आहे. पण त्याच साक्षीत संध्याकाळही आहे, आणि ती आपण घाईनं ओलांडतो. रोज संध्याकाळी तळ दिसायचा. रोज मनात यायचं की उद्याचं पाणी येणार कुठून. म्हणजे कालच्या सकाळचा अनुभव आजच्या संध्याकाळी पुरत नव्हता. शंभर दिवस पाणी आलं तरी एकशे एकाव्या संध्याकाळी तोच गाळ आणि तेच दगड. तुमच्यासारखंच. मागच्या महिन्यातही कसंबसं भागलं होतं, नाही का? मग या महिन्यात छाती का धडधडते? कारण तळ दिसतो आहे. तळ दिसल्यावर छाती धडधडणं हे अविश्वासाचं लक्षण आहे असं मला मुळीच वाटत नाही.

रमाबाई येतात. ठेंगणी मूर्ती, पांढरं साधं लुगडं, आखूड कापलेले केस, वयाची चाळिशी नुकती उलटलेली. त्या काठाशी येऊन वाकतात, तुम्ही वाकला होतात तशाच. बराच वेळ खाली बघत राहतात. तुम्हाला विचारायचं आहे, "बाई, उद्याचं काय?" पण त्यांना कमी ऐकू येतं. मोठ्यानं विचारावं लागेल, आणि हा प्रश्न मोठ्यानं विचारायला जीभ उचलत नाही. सगळ्या मुली ऐकतील.

त्या काही बोलत नाहीत. शेजारची एक रिकामी घागर उचलतात, तुमच्या हातात देतात आणि बोटानं जागा दाखवतात. तिथे रांग लागली आहे. हंडे, घागरी, डबे, सगळे रिकामे, विहिरीच्या बाजूला मांडलेले. उद्या पहाटे भरायला. पाणी खाली नाही आणि भांडी वर मांडून तयार. तुम्ही तुमची घागर रांगेत ठेवता. रिकामं पितळ दगडाला लागून टणकन वाजतं.

मग प्रार्थना होते. तिचे शब्द इथे लिहीत नाही. रोजच्या भाकरीची विनंती त्यात असतेच, आणि वर्षानुवर्षं म्हटलेल्या त्या विनंतीतला 'रोज' तुम्ही आज पहिल्यांदा ऐकता. वर्षाची भाकरी नाही, महिन्याची नाही.

रात्री आवारात झोप. उकाडा आहे, आकाशात ढगाचा ठिपकाही नाही. झोपलेल्या मुलींमधून कंदील घेऊन कुणीतरी फिरतं, खोकला आला की थांबतं. इथे आणलेल्या सगळ्या मुली जगल्या नाहीत, हे विसरू नका. उपासमारीनं पोखरलेली शरीरं अन्न समोर आल्यावरही कितीतरी वेळा वाचली नाहीत. प्रार्थना त्यांच्यासाठीही झाल्या होत्या. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि जो कुणी पटकन उत्तर देतो त्याच्यापासून मी जरा दूर बसतो.

रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नाही. या रात्रीच्या पंचवीसेक वर्षं आधी, 1874 च्या आसपास, दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मागोमाग आई गेली. आईला उचलायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी स्वतः रमाबाई. उंची कमी म्हणून खांदा पुरेना, तेव्हा तिरडीचं टोक त्यांनी डोक्यावर घेतलं आणि स्मशानापर्यंत तशाच तीन मैल चालल्या. वय सोळा. देवावर भरवसा ठेवून वडिलांनी सगळं दान केलं होतं, व्रतं केली होती, तीर्थं केली होती. त्या सगळ्यातून बाहेर येऊन, प्रश्न विचारत विचारत, 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्यांना पूर्ण शांती मिळायला कितीतरी वर्षं जावी लागली, हे त्यांनीच प्रांजळपणे लिहिलं आहे. तेव्हा संध्याकाळी विहिरीशी वाकलेली ती बाई भाबडी नव्हती, आणि तिला तळ ओळखीचा होता.

पहाटे दोराच्या करकरीनं तुम्ही जागे होता. अजून अंधार आहे. काठाशी जा. खालून आवाज येतो, दगडावर आपटल्याचा नव्हे, पोहरा पाण्यात बुडाल्याचा. जाड, भरलेला आवाज. कुणी ओरडत नाही, कुणी नाचत नाही. बाया ओढायला लागतात, कारण 1900 जणांना प्यायला हवं आहे. रात्रभर झरे पाझरले, एवढंच कुणी म्हणेल. म्हणू दे. पाझर कुणाच्या हातातला, हा प्रश्न त्यानं संपत नाही.

पाणी दिवसभर पुरेल. संध्याकाळी पुन्हा तळ.

जाता जाता त्या मुलीकडे बघा. तिनं ओढणीची गाठ सोडली आहे. अर्धी भाकरी मुंग्यांनी भरली आहे. ती रडवेली होते. रानात मान्ना गोळा करणाऱ्या इस्राएल लोकांचंही असंच झालं होतं, साठवलेल्याला सकाळी किडे पडले होते. तिला ती गोष्ट अजून माहीत नाही. एक बाई येते, मुंग्या लागलेला तुकडा तिच्या हातातून हळूच घेते आणि तव्यावरची गरम भाकरी देते. मुलगी पुन्हा अर्धीच खाते. पुन्हा गाठ मारते. बाई बघते आणि तिला बांधू देते.

आता एक पाऊल टाका, एकवीस वर्षांचं.

1921, जुलै सरतो आहे. आवारात झाडं मोठी झाली आहेत, छापखान्याची खटखट चालू आहे. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या आहेत आणि टेबलाशी बसल्या आहेत. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र आणायचं, हे काम त्यांनी कितीतरी वर्षं धरून ठेवलं आहे. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बाया. आज टेबलावर मुद्रितं तशीच पडली आहेत. 24 जुलैला मनोरमा गेली. एकुलती मुलगी, अवघी चाळीस वर्षांची. गुलबर्ग्याची शाळा तिनं उभी केली होती, आणि मुक्तीचा भार पुढे तिच्याच खांद्यावर जायचा होता.

या विहिरीला सकाळी पाणी येत नाही.

दारात एक बाई उभी आहे. तिशीची, बोटांना शाई. मनगटं आता भरलेली. तिच्या हातात ओलं मुद्रित आहे. आत जावं की नाही, तिला कळत नाही. रमाबाई मान वर करतात आणि हात पुढे करतात. कागद घेतात, डोळ्यांजवळ धरतात, एका शब्दावर खूण करतात. मग बाजूला पडलेली मुद्रितंही ओढून घेतात. पुढच्या वर्षी 5 एप्रिलला त्या जातील, आणि त्याआधी हे काम हातावेगळं झालेलं असेल. आज त्यांना ते माहीत नाही. आज एक पान आहे, आणि त्यातली एक चूक दुरुस्त झाली आहे.

बाई छापखान्याकडे वळते. तुम्ही तिच्या पदराकडे बघता. गाठ आहे की नाही, ते दिसत नाही.

परतीची गाडी आली. खिडकी नाही मिळाली, दाराशी उभे राहा. खिशात फोन थरथरतो. शिल्लक सकाळी होती तेवढीच आहे, पगार 31 लाच. वडिलांचा फोन आहे.

"उद्या किती वाजता निघायचं रे?"

"साडेसहाला, बाबा. रिक्षा सांगून ठेवतो."