मामाचा गाव, किबेरा



मामाचा गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आमराई येते, विहिरीवरचा रहाट येतो, पन्हं पिऊन दुपारभर पडवीत लोळणं येतं. मला मात्र म्हातारपणी एक निराळाच मामाचा गाव पाहायला मिळाला. तिथे आमराई नव्हती, पण आगगाडी होती, आणि तीही गावाच्या अगदी मधून, लोकांच्या दारावरून जाणारी. नातवंडं केव्हापासून "आजी, आफ्रिकेचं लिही" म्हणून मागे लागली आहेत. आज मुहूर्त लागला.

२०१४ साली आम्ही दोघं लेकीकडे तीन महिने नैरोबीला राहिलो. जावयांची तिथे नोकरी होती. घरकामाला एक बाई यायची, तिला सगळे 'मामा' म्हणत. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, आणि लेकुरवाळ्या बाईला आदराने अशीच हाक मारतात. माझ्याहून वीस वर्षांनी लहान बाईला मामा म्हणताना पहिले चार दिवस मला हसू आवरेना. तिने मग मला 'न्यान्या' करून टाकलं. न्यान्या म्हणजे आजी. तिकडे टोमॅटोलाही न्यान्याच म्हणतात, त्यामुळे बाजाराची यादी वाचली गेली की हे मिश्किलपणे माझ्याकडे बघायचे.

भाषा फारशी आड आली नाही. तिला कामापुरतं इंग्रजी येत होतं, आणि स्वाहिलीत आपल्याकडचे शब्द जागोजागी सापडत होते. दुकानाचं दुका, गाडीचं गारी, गोणीचं गुनिया, लाखाचं लाकी, विम्याचं बिमा. चपाती तर चपातीच. हे शब्द तिकडे गेले ते हिंदुस्थानातून गेलेल्या व्यापाऱ्यांबरोबर आणि मजुरांबरोबर. १८९६ साली इंग्रजांनी मोंबासाहून युगांडा रेल्वे बांधायला घेतली आणि १९०१ साली ती व्हिक्टोरिया सरोवराला पोचली. त्यासाठी सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेले होते, बहुतेक पंजाबातले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. लांबी साडेपाचशे मैलांच्या वर, म्हणजे मैलामागे चार माणसं. (सवय आहे, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही.) नैरोबी हे शहरच मुळी १८९९ साली रेल्वेचा तळ म्हणून दलदलीत वसलं. त्याच रेल्वेची किसुमूकडे जाणारी लाईन पुढे मामाच्या वस्तीतून जाऊ लागली. त्या वस्तीचं नाव किबेरा.

मामा रोज तिथून तासभर चालत यायची. "बसने का नाही येत?" असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "न्यान्या, बसचे पैसे म्हणजे रात्रीची भाजी." पुन्हा विचारलं नाही.

एका रविवारी मी तिच्याबरोबर किबेऱ्याला गेले. जावयांना ते पसंत नव्हतं. परदेशी पाहुणे गळ्यात कॅमेरे अडकवून ती वस्ती बघायला जातात, त्याची त्यांना लाज वाटे, आणि ते खरंच आहे. पण मला मामाने घरी बोलावलं होतं. बोलावणं आलं की जायचं, एवढं मला कळतं.

किबेरा समजायचं तर आधी त्याचा जन्म समजला पाहिजे. इंग्रजांच्या किंग्ज आफ्रिकन रायफल्स या पलटणीत सुदानकडचे सैनिक होते, त्यांना नुबी म्हणतात. १९०४ च्या सुमारास ते नैरोबीबाहेरच्या रानात राहू लागले. त्यांच्या भाषेत रान म्हणजे किब्रा, त्याचंच पुढे किबेरा झालं. नंतर सुमारे ४२०० एकर जमीन लष्करी राखीव म्हणून जाहीर झाली. सैनिकांना राहायची परवानगी मिळाली, मालकीचा कागद मात्र नाही. सरकारची चाकरी करा, सरकारच्या जमिनीवर राहा, आणि जमीन कोणाची ते विचारू नका! १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला, तरी कागद आला नाही. गावाकडून कामासाठी आलेली माणसं मग याच नुबी लोकांकडे भाड्याने राहू लागली. सत्तरीच्या दशकानंतर वस्ती झपाट्याने वाढली. सरकारच्या लेखी ती बेकायदा, आणि बेकायदा वस्तीला नळ नाही, गटार नाही, रस्ता नाही.

मी पाहिलं ते असं. सुमारे अडीच चौरस किलोमीटर जागा, मातीच्या भिंती, गंजलेले पत्रे, दहा बाय दहाच्या खोल्या, मधून वाहणारी उघडी गटारं. शेजारी रॉयल नैरोबी गोल्फ क्लबची हिरवीगार हिरवळ. वस्तीचे डझनभर भाग आहेत आणि लोक त्यांना चक्क गाव म्हणतात. किसुमु एन्डोगो म्हणजे धाकटं किसुमू, माशिमोनी म्हणजे खड्ड्यांत, लाइनी साबा म्हणजे सातवी ओळ. मामाचा गाव लिंडी.

दिवस उजाडायच्या आत तिथे शेगड्या पेटतात. मांडाझी म्हणजे फुगलेल्या गोड पुऱ्यांसारखा प्रकार तळला जातो. सुकुमा विकी नावाची पालेभाजी बारीक चिरून ढीग लावतात. नावाचा अर्थ 'आठवडा ढकल'. भाजीचं इतकं प्रामाणिक नाव मी दुसरं ऐकलेलं नाही. ती उगालीबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर खातात. दुकानात सगळं चिमूटभर मिळतं. एका वेळचं तेल, एका वेळची साखर, एका वेळचे कोळसे. याला कडोगो म्हणजे 'इवलंसं' असं नाव आहे. इवल्याशा खरेदीत वस्तू महाग पडते हे मामाला ठाऊक होतं, पण किलोभर घ्यायला किलोचे पैसे एकदम हातात यावे लागतात ना. पाणीही तसंच, वीस लिटरच्या पिवळ्या डब्याने विकत. बंगल्यात नळ असलेल्या माझ्या लेकीपेक्षा मामा पाण्याला लिटरमागे कितीतरी जास्त पैसे मोजत होती.

संडासाचं लिहू की नको असा विचार केला, पण लिहायलाच हवं. कितीतरी खोल्यांमागे एक संडास, तोही रात्री बंद, आणि अंधारात बाहेर पडायची बायकांना भीती. मग प्लास्टिकची पिशवी वापरायची आणि फेकून द्यायची. याला तिथे 'उडता संडास' म्हणतात. लोक हसत सांगतात, पण डोळे हसत नाहीत. पुढे काही ठिकाणी वस्तीतल्याच गटांनी सार्वजनिक संडास बांधून घेतले, त्यांतल्या मैल्यापासून गॅस होतो आणि त्यावर स्वयंपाक.

मामाने मला बोलावलं होतं ते तिच्या चामाला. चामा म्हणजे आपली भिशी! बारा बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. प्रत्येकीने ठरलेले पैसे वहीत लिहून घेतले, ज्या बाईचा नंबर होता तिच्या ओंजळीत सगळी रक्कम पडली, टाळ्या झाल्या, चहा झाला. आमच्या शिक्षिकांच्या भिशीत आणि या भिशीत फरक एवढाच, की आमच्या पैशांतून मिक्सर येत असे आणि त्यांच्या पैशांतून मुलाची फी, पत्र्याची दुरुस्ती किंवा विकायला माशांची टोपली.

त्याच बैठकीत कोणाच्या तरी मयताची वर्गणी निघाली. शहरात माणूस गेला की त्याला गावच्या मातीत न्यायचं, अशी तिकडची रीत. पश्चिमेकडची गावं शेकडो किलोमीटर दूर, शवपेटी न्यायला गाडी लागते. म्हणून रोज संध्याकाळी शेजारी जमतात आणि नाणं नाणं गोळा होतं. या एकत्र येण्याला तिथे हरांबे म्हणतात, सगळ्यांनी मिळून ओढायचं. केनियाच्या राजचिन्हावर हाच शब्द आहे, आणि जोमो केन्याटांनी स्वातंत्र्यानंतर तो देशाचा मंत्र केला. नैरोबीतले आपले लोक सांगतात, की हा रेल्वेच्या मजुरांचा 'हर अंबे'. ऐकायला गोड वाटतं. शब्द आफ्रिकेतलाच आहे असं सांगणारे अभ्यासकही आहेत, तेव्हा मी त्यावर हक्क सांगणार नाही. या हरांबेतून केनियात गावोगाव शाळा उभ्या राहिल्या, हे मात्र मास्तरीण म्हणून मला फार भावलं.

आता वाटेल की बाई भारावून गेल्या. तसं नाही. तिथे चोर सापडला तर जमाव त्याला जिवानिशी मारतो, हेही मामानेच सांगितलं. आणि २००७ चं सांगितलं.

त्या वर्षी २७ डिसेंबरला निवडणूक झाली, निकालावरून देश पेटला. अकराशेहून अधिक माणसं मेली. किबेऱ्यात जमात बघून घरं जाळली गेली, रेल्वेचे रूळ उखडले गेले. काल एका शेगडीवर चहा पिणारे आज पांगा, म्हणजे कोयते, घेऊन समोरासमोर. मामा लुह्या जमातीची. तिच्या चामातल्या तीन बायका किकुयू, त्या रातोरात पळाल्या. जानेवारीचा नंबर त्यांतल्याच एकीचा होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, वही होती ना," मामा म्हणाली.

उरलेल्या नऊ जणींनी पैसे काढले. काहींच्या नवऱ्यांनी विरोध केला, एकीने मारही खाल्ला. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारी २००८ ला समझोता झाला. त्यानंतर मामा शहराच्या दुसऱ्या टोकाला त्या बाईला शोधत गेली आणि रक्कम हातात दिली. ती बाई रडली. पैसे घेतले. पण किबेऱ्याला परत आली नाही, ती कधीच नाही. "तिच्या जागी नवी बाई घेतली," एवढं बोलून मामा कप विसळायला उठली.

मी इतिहास शिकवला तो राजांचा आणि तहांचा. त्या दिवशी वाटलं, ही वही म्हणजेही एक तहनामाच होता, आणि मोठ्या लोकांचा तह व्हायच्या आधी तो पाळला गेला होता.

परत आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, तर धागा थेट मुंबईला येऊन मिळाला! केनियातल्या वस्त्यांची 'मुउंगानो वा वानाविजिजी' म्हणजे गावकऱ्यांची एकजूट १९९६ साली उभी राहिली. तिला आपल्या मुंबईच्या वस्त्यांतल्या माणसांनी हात दिला. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची 'महिला मिलन', आणि मॅगसेसे पुरस्कार मिळालेले, स्वतःची वस्ती पाडली गेलेली पाहिलेले जोकिन अर्पुथम. त्यांची शिकवण साधी होती. रोज थोडं साठवा आणि आपली घरं आपणच मोजा. २००४ साली रेल्वेने रुळांलगतच्या लोकांना निघायच्या नोटिसा दिल्या, तेव्हा तिकडचे अधिकारी आणि रहिवासी मुंबईला आले. रुळांलगतच्या झोपड्यांची मोजणी लोकांनीच करून पुनर्वसन कसं झालं, ते त्यांनी पाहिलं. मग किबेऱ्यातही घरोघर मोजणी झाली. मोजण्याला किती महत्त्व आहे बघा. किबेऱ्यात दहा लाख लोक राहतात असं जगभर लिहिलं जाई. २००९ च्या जनगणनेत आकडा निघाला १ लाख ७० हजार ७०. त्याच वर्षी वस्तीतल्या तरुणांनी गल्लोगल्ली फिरून किबेऱ्याचा नकाशा केला, तोवर नकाशावर तिथे कोरी जागा होती. नळ, दवाखाने, शाळा, अंधाऱ्या जागा, सगळं त्यांनी टिपलं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. ऐंशीच्या दशकात मी आठवीला निबंध घालत असे, 'आमच्या शहरातील समस्या'. झोपडपट्टी म्हणजे शहराच्या सौंदर्यावरचा डाग, हे वाक्य मीच फळ्यावर लिहून दिलेलं. एका मुलीने ते वळणदार अक्षरात उतरवलं. मी तिला सर्वांत जास्त गुण दिले आणि निबंध तिलाच मोठ्याने वाचायला लावला. ती नदीकाठच्या वस्तीत राहायची. मला ते ठाऊक होतं, पण त्या क्षणी ध्यानातही आलं नाही. मामाच्या खोलीत, मांडीवर चहाचा कप घेऊन बसले असताना तीस वर्षांनी ते आठवलं आणि चहा घशाखाली उतरेना.

शेजारधर्म हा गरिबांचा जन्मजात गुण आहे असं आपण कौतुकाने म्हणतो. मला ते आता पटत नाही. जिथे नळ येत नाही, पोलीस येत नाही, कागद येत नाही, तिथे माणसं एकमेकांना सरकार होतात. ते सरकार रोज उभं करावं लागतं, आणि २००८ सारखं एका रात्रीत ते मोडूही शकतं. कौतुक करून आपण नळ द्यायची जबाबदारी टाळू नये.

नुबी लोकांना २०१७ साली २८८ एकरांचा मालकीचा कागद मिळाला, शंभराहून जास्त वर्षांनी. पुढच्याच वर्षी, जुलै २०१८ मध्ये, रस्त्यासाठी किबेऱ्यातली हजारो माणसांची घरं आणि काही शाळा पाडल्या गेल्या. मामाची खोलीही गेली. लेकीने फोनवर सांगितलं. मी एवढंच विचारलं, "आणि चामाची वही?"

वही मामाने आधीच बाहेर काढली होती. पुढच्या रविवारी बैठक ठरल्याप्रमाणे झाली, दुसऱ्या कोणाच्या तरी खोलीत.

त्या विद्यार्थिनीचा पत्ता मी शोधते आहे. सापडली तर एवढंच सांगायचं आहे, की बाई, तो निबंध मी चुकीचा तपासला.