मुंगी घाट
मुंगी घाट : शंभुमहादेव डोंगररांगेतील शिखर शिंगणापूर (ता. माण, जि. सातारा) या तीर्थक्षेत्राकडे कोथळे (ता. माळशिरस, जि. सोलापूर) गावाच्या बाजूने चढणारी उभी व अरुंद पायवाट. चैत्र शुद्ध द्वादशीस पाण्याच्या कावडी याच वाटेने शिखरावर नेण्याची जुनी प्रथा आहे. पायथ्यावरून पाहिल्यास चढणाऱ्या भाविकांची रांग मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते, यावरून घाटास हे नाव पडले असे सांगतात.

या वाटेचा संबंध डोंगराइतकाच नद्यांशीही आहे. सासवडच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावणारी कऱ्हा नदी जेजुरी, मोरगाव व बारामतीवरून वाहत जाऊन सोनगावजवळ नीरेस मिळते. नीरा ही बारामती व इंदापूर या तालुक्यांची दक्षिण सीमा असून इंदापूरच्या पूर्व टोकास नीरा-नरसिंहपूर येथे तिचा भीमेशी संगम होतो. नीरेच्या दक्षिणेस शंभुमहादेवाची रांग आहे. हा सर्व प्रदेश पर्जन्यछायेतील आहे. ‘कऱ्हा’ म्हणजे जलपात्र. पांडवांच्या यज्ञासाठी ब्रह्मदेवाचे जलपात्र कलंडले व त्यातून ही नदी वाहू लागली, अशी आख्यायिका आहे. तिचेच पाणी कावडींतून शंभुमहादेवाच्या अभिषेकासाठी नेले जाते.

कावड म्हणजे दांड्याच्या दोन्ही बाजूंस बांधलेली पाण्याची पात्रे. मोठ्या कावडींची पात्रे तांब्याची असतात आणि त्या वाहण्यास अनेक जण लागतात. कऱ्हेच्या खोऱ्यातून निघालेल्या कावडी नीरा ओलांडून चैत्राच्या उन्हात डोंगराच्या पायथ्याशी येतात. बारामतीची उंची समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी., तर शिंगणापूरची सु. १,०५० मी. आहे. या चढाईचा सर्वांत बिकट भाग मुंगी घाटात येतो. खडक व सुटे दगड यांमुळे तेथे कावड खांद्यावर तोलणे अशक्य होते. तेव्हा भाविक एकमेकांस धरून मानवी साखळी करतात आणि कावड हातोहात वर सरकवतात. एकाचा पाय घसरल्यास अनेकांच्या जिवावर बेतू शकते. या प्रसंगी देवास एकेरी नावाने, ‘म्हाद्या, धाव’ अशी हाक मारली जाते. सासवडच्या संत भुतोजी तेली (तेल्या भुत्या) यांच्या नावाची कावड मानाची समजली जाते व ती दिवस मावळतीस अखेरीस चढते. त्यानंतर आणलेल्या पाण्याने देवास अभिषेक होतो.

देवस्थानाची स्थापना परंपरेने यादव राजा सिंघण याच्याशी जोडली जाते. भोसले घराण्याचे हे कुलदैवत होय. पाण्याअभावी यात्रेकरूंचे हाल होत, म्हणून मालोजी भोसले यांनी इ. स. १६०० च्या सुमारास येथे मोठा तलाव बांधविला. याच मालोजींकडे आजच्या बारामती तालुक्यातील सुपे परगणा होता आणि इंदापूरच्या लढाईत त्यांना मरण आले, असे मानले जाते. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव या ग्रंथात या क्षेत्राच्या आधारे भोसले घराण्याच्या दाक्षिणात्य मूळाचा शोध घेतला आहे. ॲन फेल्डहाउस या अभ्यासिकेने २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, कावडयात्रेमुळे कऱ्हेच्या खोऱ्यातील गावांना एका प्रदेशाची जाणीव कशी होते, याचे विवेचन केले आहे.

बारामती व इंदापूर या तालुक्यांतून दुसरीही एक मोठी पदयात्रा जाते. संत तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला पालखी सोहळा आषाढात येथूनच पंढरपूरकडे जातो व इंदापूर तालुक्यातील बेलवडी येथे रिंगण होते. दोन्ही यात्रांतील भेद लक्षणीय आहे. वारी पावसाळ्याच्या आरंभी सपाटीवरून चालते आणि नामस्मरण हे तिचे साधन आहे. कावडयात्रा ऐन उन्हाळ्यात डोंगर चढते आणि पाणी हेच तिचे अर्पण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा सुरू झाल्यावर बारामती व इंदापूर भागांत बारमाही पिके व पुढे ऊसशेती वाढली. कालव्याचे पाणी उताराने वाहते, त्यामुळे डोंगरावरील प्रदेशास त्याचा लाभ झाला नाही. १९७२ व २०१२-१३ च्या दुष्काळांची माण तालुक्यास तीव्र झळ पोहोचली. नदीकाठचे पाणी माणसांच्या खांद्यावरून उंच व कोरड्या शिखरावर नेण्याच्या या प्रथेमागे पाण्याच्या या जुन्या विषमतेची जाणीव असावी. शिंगणापूरला आता मोटारीचे रस्ते झाले आहेत. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे यात्रा भरली नव्हती. तरीही वाहनाने सहज पोहोचणारे पाणी मुंगी घाटातूनच नेण्याचा आग्रह टिकून आहे. अभिषेकाच्या पाण्याचे मोल ते वाहून आणण्याच्या श्रमांत आहे, अशी भाविकांची धारणा यामागे दिसते.