राखेचं घराणं

घरखर्च वाचवण्याच्या आणि पर्यावरण जपण्याच्या युक्त्यांची कुठलीही यादी काढा, तिच्यात राख असतेच. भांडी राखेने घासा, कुंडीत चिमूटभर राख घाला, कडधान्याला राख चोळून ठेवा. राख आणायची कुठून, हे मात्र यादी सांगत नाही. पुण्याजवळच्या तळेगावात पाचव्या मजल्यावर गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या माणसाकडे राख येणार कुठून? म्हणून ती आता ऑनलाइन विकत मिळते. ज्या वस्तूसाठी दोन पिढ्यांपूर्वी कुणी पैसाही मोजला नसता, तिला आता कुरियरचा खर्च पडतो.

तळेगावच्या उत्तरेला नवलाख उंबरे हे गाव आहे. एका अंगाला एमआयडीसीच्या शेड आणि कंटेनरची वर्दळ, दुसऱ्या अंगाला भातखाचरं. मावळातल्या अशा गावांत राखेचा माग काढू लागलं की तो मोरीत थांबत नाही. तो शेतात जातो, तिथून रानात जातो आणि पुढे चक्क सरकारी कचेरीत जातो.

शेतापासून सुरुवात करू. भाताचं रोप ज्या तुकड्यात वाढवायचं, तो तुकडा उन्हाळ्यात भाजायचा, ही सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरची आणि कोकणातली जुनी रीत. त्याला राब भाजणं म्हणतात. खाली शेणाचा थर, त्यावर झाडाचे टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि हे सगळं वाऱ्याने उडू नये म्हणून वरून बारीक मातीचा हात. पेटवायचं वाऱ्याच्या उलट अंगाने, म्हणजे आग धावत नाही, सावकाश धुमसत खाली उतरते. माती तापते, तणाचं बी जळून जातं, वर राखेचा थर बसतो. रोहिणी नक्षत्राच्या सुमारास त्या राखमातीत भात पेरायचं, पाऊस लागला की रोप तरारून येतं, आणि चिखलणी झाली की आवणी, म्हणजे रोपांची लावणी.

टहाळ यायचे रानातून. ऐनाचं झाड यासाठी विशेष पसंतीचं. त्याच्या फांद्या छाटल्या तरी ते पुन्हा फुटतं. 1878 चा जंगल कायदा आला, राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि कालपर्यंत वहिवाट असलेली फांदी तोडणं एका दिवसात गुन्हा होऊन बसलं. महात्मा फुले 1883 मध्ये लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर तुटून पडतात, त्याला ही पार्श्वभूमी आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ओरड इतकी वाढली की मुंबई सरकारला 1885 मध्ये जंगल आयोग नेमावा लागला. 1887 च्या त्याच्या अहवालात राबासाठी टहाळ तोडण्याचा हक्क हा एक मुख्य वादविषय आहे. मूठभर राखेसाठी सरकार आणि रयत समोरासमोर आली, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

इंग्रज साहेबाला पहिल्यांदा हा सगळा प्रकार अडाणीपणाचा वाटला. झाडं तोडा, शेण जाळा आणि वर म्हणा की ही शेती! पण 1889 च्या अखेरीस हिंदुस्थानात आलेल्या जॉन ऑगस्टस वोल्कर या रसायनतज्ज्ञाने 1893 मध्ये छापलेल्या आपल्या अहवालात इथल्या शेतकऱ्याची बाजू बऱ्याच ठिकाणी घेतली. शेतकरी शेण जाळतो ते खताची किंमत कळत नाही म्हणून नव्हे, तर सरपण नाही म्हणून, हे त्याने स्पष्ट नोंदवलं. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा रासायनिक अभ्यास केला आणि तो 1912 मध्ये प्रसिद्ध केला. हे तेच मॅन, ज्यांनी पिंपळे सौदागरची पाहणी करून दख्खनच्या एका खेड्यावर 1917 मध्ये पुस्तक लिहिलं. राब भाजण्याचा फायदा नुसत्या राखेचा नाही, माती तापण्याचाही त्यात वाटा आहे, हा त्या अभ्यासाचा रोख. शेतकऱ्याने हे कुणाला विचारलं नव्हतं; त्याला रोप जोमदार आलेलं दिसत होतं.

आता घरात येऊ. राख एकच नव्हे. चुलीत लाकूड जळलं की जी राख पडते तिच्यात खार असतो, मुख्यतः पोटॅशचा आणि चुन्याचा. तेलकट भांड्यावर ती ओली करून चोळली की तेलाचा थोडा साबणच तयार होतो आणि बोटांना तो बुळबुळीतपणा कळतो. भाताच्या तुसाची राख वेगळी. तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका, म्हणजे वाळूचंच द्रव्य, पण अतिशय बारीक. ती साबण करत नाही, घासते. शंभर किलो भात कांडलं की वीसेक किलो तूस निघतं आणि ते जाळलं की चारेक किलो राख. ज्या मुलखात भात हेच मुख्य पीक, तिथे ही दुसरी राखही हाताशी असायची. करपलेल्या टोपाला तुसाची आणि तुपकट वाटीला चुलीची, असा भेद रसायनशास्त्र न शिकलेल्या बायका सहज करत.

घासण्याची पद्धतही बघण्यासारखी होती. आधी खरकटं काढून कुत्र्याला किंवा गाईला. मग राख चाळणीने चाळून घ्यायची, कारण अर्धवट जळलेला कोळशाचा कपरा भांड्यावर ओरखडा पाडतो. नारळाची शेंडी किंवा भाताच्या पेंढ्याचा बोळा ओला करून राखेत दाबायचा आणि भांड्याच्या आतून गोल, बाहेरून उभा हात चालवायचा. तांब्या-पितळेला शेवटी चिंच. विसळलेलं पाणी पाटाने परसातल्या अळूकडे. याहून हुशारीची गोष्ट भांडं चुलीवर चढण्याआधी व्हायची: राख पाण्यात कालवून बुडाला बाहेरून सारवायची. काजळी त्या थरावर बसते आणि घासताना थरासकट निघून येते. घासण्याचे कष्ट आधीच निम्मे करून ठेवणारी ही युक्ती मला सगळ्या यादीत सर्वांत शहाणपणाची वाटते आणि तीच हल्लीच्या याद्यांत सहसा नसते, कारण गॅसच्या शेगडीवर काजळी धरत नाही.

भांड्यांपलीकडेही राखेला कामं होती. कंदिलाची काच कोरड्या राखेने पुसली की लख्ख होई. काचेचाच विषय निघाला तर, तळेगावात 1908 मध्ये लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. काच वितळवायला लागणारा सोडा हाही मूळचा झाडपाला जाळून काढलेल्या खाराचाच वंशज, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. आपला पापडखारही त्याच भाऊबंदकीतला. वाल, मूग, हरभरा यांना राख चोळून कणगीत भरत. कोरडी राख किड्याच्या अंगावरचा मेणकट थर खरवडते, त्याच्या अंगातलं पाणी उडतं आणि तो मरतो. वाम मासा हातातून निसटतो म्हणून राखेच्या हाताने धरायचा. दोडक्या-काकडीच्या पानांवर सकाळच्या दवात राख धुरळायची. हगवणीच्या साथींमुळे हात धुण्याचा प्रश्न निघाला तेव्हा बांगलादेशात 1991 च्या सुमारास साबण, राख आणि माती यांची तुलना झाली आणि नीट चोळून धुतलं तर फरक फारसा राहत नाही, असं दिसलं. 2020 च्या कोरोनाच्या काळात मात्र याच विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा राखेच्या बाजूने ठामपणे बोलण्याइतका पुरावा जमला नाही. साबण मिळत असताना राखेने हात धुण्याचा अट्टहास कुणी करू नये.

आणि दात. राखुंडी हा शब्द ज्यांच्या घरात होता त्यांना तिची खरखरीत चव अजून आठवत असेल. जळकं तूस नाही तर गोवरीची राख, त्यात मीठ. बाजारात पुढे काळ्या दंतमंजनाच्या डब्या आल्या, 1937 मध्ये कोलगेट आलं, 1952 मध्ये परळला केशव विष्णू पेंढरकरांनी विको सुरू केलं, आणि ‘राखुंडी लावणारा’ म्हणजे गावंढळ ठरला. गेल्या काही वर्षांत कोळसा घातलेली काळी टूथपेस्ट महाग मिळते; त्यावर काही बोलायलाच नको. फक्त एवढं खरं की रोज राखेने दात घासले तर वरचं एनॅमल झिजतं. आजी-आजोबांचे दात मजबूत होते ही गोष्ट ज्यांचे उरले त्यांच्याबद्दलच सांगितली जाते.

राख गेली कशी? साबणाने तिला हरवलं, असा समज आहे. भांडी घासायची पूड लीव्हर कंपनीने विलायतेत 1904 मध्येच काढली होती, व्हिम या नावाने. आपल्याकडे व्हिमची वडी आली 1993 मध्ये. त्याआधी 1969 पासून निरमाने कपड्यांची पूड स्वस्त केली होती आणि तीच चिमूटभर घेऊन भांडीही घासली जात. ठाण्याच्या पितांबरीने 1989 पासून तांब्या-पितळेचं काम चिंचेकडून काढून घेतलं. पण भांडी घासायच्या बहुतेक पुडींच्या पोटात पाहिलं तर घासण्याचं काम करते ती दगडाची भुकटी, कॅल्साइट किंवा डोलोमाइट. साबणासारखा फेस वेगळा घातलेला. म्हणजे राखेचे दोन गुण वेगवेगळे विकत घेऊन एका पिशवीत भरले, एवढंच. भांडीही बदलली होती. ॲल्युमिनियमला खार सोसत नाही, राखेने ते काळं पडतं. घरात ॲल्युमिनियमचे डबे-पातेली वाढली तशी राख बाजूला सरकली.

खरं कारण मात्र चूल. मुंबईत बर्शेन या नावाचा स्वयंपाकाचा गॅस 1955 मध्ये मिळू लागला, आणि उत्तर प्रदेशातल्या बलियाला गरीब घरांना गॅस जोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली 1 मे 2016 रोजी. या साठ वर्षांत राखेचा झरा घराघरातून आटत गेला. त्याबद्दल हळहळ करण्याचं मला काही कारण दिसत नाही. ती फुकटची राख फुकट नव्हती. सरपणाची मोळी डोक्यावर आणणारी बाई, फुंकणी फुंकताना लाल झालेले तिचे डोळे, संध्याकाळचा खोकला आणि खाराने भेगाळलेली बोटं, हा त्या राखेचा भाव होता. पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने 1996 पासून धूर कमी करणाऱ्या चुलींवर, उसाच्या पाचटाच्या कोळशावर काम केलं ते याचसाठी. चूल टिकवून बाईची सुटका करता आली तर करू, हा त्यांचा प्रयत्न; राख टिकवण्यासाठी चूल टिकवावी, असं मात्र शहाण्या माणसाने म्हणू नये.

मावळात चूल पुरती गेलेली नाही. गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी बंबावर नाही तर परसातल्या चुलीवर. राख तिथे अजून पडते, फक्त ती आता पूर्वीची राहिलेली नाही. कारखान्यांच्या आसपास पॅकिंगच्या फळ्या, रंग दिलेली प्लायवुडची ढलपी सरपण म्हणून सहज मिळते आणि आग धरायला म्हणून दुधाची पिशवीही चुलीत जाते. तसल्या राखेला आजीच्या राखेचं नाव देऊन तिच्यावर पोरांच्या ताटल्या घासणं धोक्याचं आहे. काय जळलं हे माहीत नसेल तर ती राख घरात घेऊ नये.

शेतातली राख मात्र वेगळ्या वाटेने परतली आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भात कांडण्याचं काम उखळावरून गिरणीत गेलं तसं तूसही घरातून गिरणीच्या मागे ढिगात गेलं. डॉ. ना. कृ. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भात लागवडीचं पहिलंच सूत्र या ढिगाबद्दल आहे: भाताचे अवशेष भातालाच परत द्या. म्हणजे पेंढा खाचरात, आणि तुसाची काळी राख रोपवाटिकेत, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. राख काळी हवी, पांढरी नको. तूस धुमसत जळलं तर त्यातली सिलिका रोपाला घेता येते, भडकून पांढरं झालं तर ती कठीण होऊन बसते. या राखेने रोप कणखर होतं, किडीला कमी बळी पडतं आणि आवणीच्या वेळी मुळासकट अलगद उपटून येतं. राब भाजून जे साधायचं त्यातलं बरंचसं एकही फांदी न तोडता साधतं. बाकीच्या सूत्रांत गिरिपुष्पाचा हिरवा पाला आहे, ठरावीक अंतरावर आवणी आहे, खताच्या गोळ्या आहेत.

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून इंद्रायणी वाण दिलं आणि मावळाचा तांदूळ पुण्या-मुंबईच्या बाजारात नावाने विकला जाऊ लागला. इंद्रायणीचं पोतं घरी नेणाऱ्या गिऱ्हाइकाला तूस दिसतही नाही. नवलाख उंबऱ्याच्या, मंगरूळच्या, कामशेतच्या शेतकऱ्याला ते गिरणीवर दिसतं. यंदा भात भरडायला न्याल तेव्हा आपलं तूस आपल्या पोत्यात परत मागून घ्या. पावसाआधी ते बंद डब्यात किंवा ढिगाला मातीचा हात देऊन सावकाश धुमसवून काळं करा आणि रोपवाटिकेत मिसळा. त्यातली ओंजळभर राख चाळून मोरीजवळ ठेवली तर करपलेलं पातेलंही निघेल. ॲल्युमिनियमला आणि नॉनस्टिकला मात्र लावू नका.