अफूच्या गोळीपासून अंगणवाडीपर्यंत

जून महिन्यात भिवंडीतील एखाद्या बालवाडीच्या दारात सकाळी उभे राहा. कामावर निघालेली आई आणि तिचा पदर न सोडता रडणारे मूल हमखास दिसेल. ‘हट्टी आहे’, ‘लाडावले आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. या रडण्याचे काय करायचे, या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो कापडधंद्याशी जोडलेला आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ साली त्यांच्या परिस्थितीची पाहणी केली. या स्त्रियांच्या बाळांपैकी ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते, अशी नोंद त्यांनी केली. आई गिरणीत असताना मूल गप्प पडून राहावे, एवढाच हेतू. यात आयांना दोष देता येत नाही, कारण मूल ठेवायला दुसरी जागाच नव्हती. १९३१ साली कामगारविषयक रॉयल कमिशनने पाळणाघरांची शिफारस केली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांवर पाळणाघराचे बंधन घातले. १९७६ साली हा आकडा तीसवर आला.

मूल गप्प झाले म्हणजे त्याचे दुःख संपले का? या प्रश्नाचा अभ्यास लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी केला. इस्पितळात आईवडिलांपासून दूर राहणारी लहान मुले आधी रडतात, मग खिन्न होतात आणि शेवटी अलिप्त होतात, असे त्यांना दिसले. परिचारिकांना मात्र वाटे की मूल रुळले! दोन वर्षांच्या एका मुलीवर त्यांनी १९५२ साली काढलेला चित्रपट गाजला. त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी यातून अनुबंधाचा सिद्धांत मांडला. आईला धरून राहणे ही जगण्यासाठी उत्क्रांत झालेली प्रवृत्ती आहे, असे त्यांचे म्हणणे.

ताटातुटीची ही भीती साधारण आठव्या महिन्यापासून दिसू लागते. दिसेनाशी झालेली वस्तू कुठेतरी असतेच, ही समज याच सुमारास येते. आई आहे, पण इथे नाही, एवढे बाळाला कळते. ती कधी येईल, हे मात्र कळत नाही. दीड वर्षाच्या आसपास ही भीती तीव्र असते, मग हळूहळू ओसरते. निरनिराळ्या संस्कृतींतील मुलांत हाच क्रम आढळला आहे. म्हणजे रडणे हे बिघडल्याचे लक्षण नसून वाढीचे लक्षण आहे.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी वेगळ्या वाटेने याच्या जवळचे उत्तर शोधले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात, म्हणजे भिवंडीच्याच जिल्ह्यात होते. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचाराने १९४५ साली तिथे अंगणवाडी सुरू झाली. ओळखीचे अंगण आणि ओळखीची माणसे असली की मुलाला परकेपणा कमी वाटतो. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने हेच नाव देशभर नेले.

१९८२ च्या गिरणी संपानंतर कापडाचे बरेच काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. पण यंत्रमागाच्या शेड लहान. कायद्यातल्या आकड्याएवढ्या स्त्रिया तिथे नसत, त्यामुळे पाळणाघराचे बंधनही येत नसे. गिरणीचे काम आले, पाळणाघर मागेच राहिले. म्हणून इथे बालवाडीच्या बाईंवरची जबाबदारी अधिक मोठी आहे.

बाईंना काय करता येईल? पहिले काही दिवस आईला, आजीला थोडा वेळ बसू द्यावे. मुलाला रोज एकाच बाईंनी जवळ घ्यावे. मुलाची नजर चुकवून निघून जाऊ नका, असे आईला सांगावे. त्याने मूल अधिकच सावध होते. ‘खाऊ खाऊन झाला की आई येईल’ असे मुलाला कळणाऱ्या भाषेत सांगावे आणि आईने तो शब्द पाळावा. रोजची काही तासांची ताटातूट मायेच्या माणसाजवळ गेली, तर मूल ती पेलू शकते.

आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलाकडे रडणाऱ्या मुलाइतकेच लक्ष द्यावे.