संगणकाची प्रतिष्ठापना आणि मराठी माणसाची संमति

कुंडलिकेच्या कांठचा आमचा जुना जालना १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याची दरबारी भाषा १८८४ पर्यंत फारसी व तेथून पुढें उर्दू. या बाजूच्या रयतेची भाषा मात्र मराठी. त्यामुळें इकडील जुन्या घरांतल्या पेट्या उघडल्या म्हणजे जे दस्तऐवज हातीं येतात, त्यांपैकीं कित्येक घरच्याच माणसांस वाचतां येत नाहींत. खालीं आजोबा-पणजोबांचा अंगठा असतो. वर काय लिहिलें आहे तें वाचून दाखविणारा त्या वेळीं दुसराच कोणी असे. त्यानें जसेंच्या तसें वाचून दाखविलें असेल तर व्यवहार खरा. नसेल तर अंगठा खरा आणि संमति खोटी.

आज ज्या विषयावर आम्ही लिहीत आहों तो या दस्तऐवजांपासून वरवर पाहतां फार दूरचा वाटेल. संगणकावर लिनक्स बसविणारा जो कार्यक्रम, ज्यास सर्वत्र इन्स्टॉलर म्हणतात, त्यांत मराठी केव्हां व कशी आली, आणि आपल्या गरजेपुरता निराळा इन्स्टॉलर घडविणारा कोणती जबाबदारी पत्करीत असतो, हें आम्हांस सांगावयाचें आहे. परंतु वाचकांनीं तो अंगठा विसरूं नये. इन्स्टॉलर हा सामान्य माणसापुढें एक दस्त ठेवतो, आणि त्यावर 'होय' म्हणवून घेऊन त्याच्या यंत्रांतील सर्व संचित पुसून टाकण्याचा अधिकार मिळवितो.

रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू प्रकल्पाची घोषणा १९८३ सालीं केली आणि फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपला लिनक्स हा गाभा १९९१ सालीं लोकांपुढें ठेविला, हें आतां सर्वश्रुत आहे. पण गाभा म्हणजे कांहीं राहतें घर नव्हे. त्याभोंवतीं शेंकडों कार्यक्रमांची जुळणी करून तो लोकांस वापरतां येईल असा करण्याचें काम निरनिराळ्या मंडळींनीं अंगावर घेतलें, व अशा प्रत्येक जुळणीस 'वितरण' हें नांव पडलें. स्लॅकवेअर आणि डेबियन हीं दोन्ही वितरणें १९९३ सालचीं. स्लॅकवेअरची पहिली आवृत्ति दोन डझन फ्लॉपींवर येई. एक संपली कीं दुसरी घालावयाची. पडद्यावरचे प्रश्न इंग्रजींत, व तेहि जाणत्यास उद्देशून विचारलेले. इन्स्टॉलर लिहिणारांस आपलें गिऱ्हाईक आपल्याच पंक्तींतलें वाटावें, असाच तो काळ होता. पुढें १९९९ सालीं रेड हॅटनें अ‍ॅनाकोंडा नांवाचा चित्रमय इन्स्टॉलर आणला, तेव्हां माउसनें निवड करीत पुढें जाण्याची सोय झाली.

या कार्यक्रमाचें मुख्य काम डिस्कची वाटणी. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस शेतीवाडी आहे त्यांस हें समजण्यास मुळींच कठीण जाणार नाहीं. डिस्क ही जमीन. तिचे हिस्से पाडावयाचे. कोणता हिस्सा कोठून कोठपर्यंत, हें डिस्कच्या अगदीं आरंभीं एका लहानशा तक्त्यांत नोंदवावयाचें. हा तक्ता म्हणजे डिस्कचा सातबारा. जुन्या पद्धतीच्या तक्त्यांत चारच मुख्य हिस्से मावत. पांचवा हवा असल्यास चारांपैकीं एकास विस्तारित ठरवून त्याच्या पोटांत आणखी हिस्से पाडीत. जमाबंदीच्या भाषेंत ज्यास पोटहिस्सा म्हणतात तोच हा प्रकार. तक्ता बदलला म्हणून जमीन त्या क्षणीं बदलत नाहीं. परंतु कोणतें शेत कोणाचें हें सांगणारा कागद नाहींसा होतो, आणि नव्या हिश्श्यावर नांगर फिरला कीं जुनें पीक परत येत नाहीं. लग्नाचीं छायाचित्रें, मुलीचा प्रबंध, दुकानाचे हिशेब, सर्व त्यांत जातें.

डेबियनच्या इन्स्टॉलरांत यासाठींच वाटणीच्या शेवटीं एक प्रश्न विचारला जातो: दाखविलेले बदल डिस्कवर लिहावयाचे काय? आणि तेथें आधींपासून निवडलेलें उत्तर 'नाहीं' असें असतें. न वाचतां एंटर दाबणाऱ्याचें घर वांचावें, ही त्यांतील योजना. ज्या कोणाच्या मनांत ही लहानशी गोष्ट आली त्याचें आम्हांस कौतुक वाटतें. पण ती अपुरी आहे हेंहि खरें. ज्यास प्रश्नच समजला नाहीं तो 'नाहीं' म्हणून अडकून पडतो, आणि अडकलेला माणूस पुढें जाण्यासाठीं 'होय' कडे वळतोच.

डेबियनमध्यें हा प्रश्न मराठींत विचारला जाण्यास २००९ साल कां उजाडावें? युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच जागा होती. अडचण पडद्याची होती. जुने इन्स्टॉलर ज्या मजकुरी पडद्यावर चालत, त्याचे वहीच्या चौकटींसारखे खण पाडलेले असत; साधारणतः आठ ठिपके रुंद व सोळा ठिपके उंच असा एकेक खण, एका खणांत एक अक्षर, आणि एका वेळीं फार तर ५१२ आकृति. रोमन लिपीस इतकें पुरून उरतें. देवनागरी अशी खणांत बसत नाहीं. 'कि' मधील वेलांटी उच्चारांत मागून येते व लेखनांत पुढें जाऊन बसते. जोडाक्षरांत अक्षरें एकमेकांच्या अंगावर चढतात. उकार खालीं लोंबतात. आणि मराठीचें आपलें म्हणून आणखी एक अवघड दुखणें आहेच. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन निरोपांत एका रकाराच्या रूपापुरता भेद; पण पहिल्यानें गुरुजी येतील व दुसऱ्यानें स्वयंपाकी. ज्या पडद्यावर या दोघांचा भेद राहत नाहीं, त्यावर मराठी उमटली असें आम्ही म्हणणार नाहीं.

तेव्हां भाषांतरापूर्वीं लिपीचीच सोय लावणें प्राप्त होतें, आणि त्या कामांत महाराष्ट्राचा वाटा लहान नाहीं. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रानें इंडिक्स या प्रकल्पांत लिनक्सच्या चित्रमय पडद्यावर भारतीय लिपि उमटविण्याचें काम केलें. हें केंद्र पुढें सी-डॅकमध्यें विलीन झालें. रेड हॅटनें २००४ सालीं लोहित या नांवाचे भारतीय लिपींचे टंक मुक्त परवान्यानें सर्वांस खुले केले. त्याच कंपनीच्या पुण्याच्या कचेरींत भारतीय भाषांच्या अनुवादाचें काम वर्षानुवर्षें चाललें, आणि अ‍ॅनाकोंडाचा मराठी मजकूर हा त्याचाच भाग.

डेबियनची हकीकत याहून उद्बोधक आहे, कारण तेथें पगारी कचेरी नव्हती. २००५ च्या जून महिन्यांत डेबियननें आपला जुना इन्स्टॉलर टाकून सर्वस्वीं नवा आणला. त्याची रचना लहान लहान पुड्यांची. प्रत्येक पुडीचे प्रश्न निराळ्या साच्यांत लिहून ठेवलेले, म्हणजे कार्यक्रमाच्या पोटांत हात न घालतां कोणासहि त्यांचें भाषांतर करतां यावें. पण पडदा खणांचाच होता. एप्रिल २००७ मध्यें आलेल्या चौथ्या आवृत्तींत त्यास चित्रमय पडदा मिळाला, आणि हिंदी, बंगाली, नेपाळी यांसारख्या भाषा आंत आल्या. गंमत अशी कीं त्या आवृत्तींत हा पडदा उघडण्यासाठीं यंत्र सुरू होतांच 'इन्स्टॉलगुई' हा शब्द रोमन अक्षरांत टंकावा लागे. आपल्या लिपीच्या दारावर इंग्रजींत टकटक केल्याशिवाय दार उघडत नसे!

त्या २००७ च्या यादींत भूतानची जोंखा भाषा होती आणि मराठी नव्हती. २००१ च्या शिरगणतीप्रमाणें मराठी बोलणारे सुमारें सात कोटी एकोणीस लाख. भूतानची सगळी प्रजा सात लाखांच्या आंत. पण भूतान सरकारनें डेबियनवर आधारलेलें जोंखा लिनक्स २००६ सालींच सिद्ध केलें होतें, व त्यासाठीं माणसें बसविलीं होतीं. संख्येनें भाषा यंत्रांत शिरत नाहीं. कोणी तरी साच्यांतील ओळ न् ओळ पुरी करावी लागते. मराठीच्या ओळी पुऱ्या होऊन १४ फेब्रुवारी २००९ रोजीं निघालेल्या पांचव्या आवृत्तींत आमच्या भाषेचें नांव लागलें. त्या आवृत्तींत एकंदर त्रेसष्ट भाषा होत्या. पैकीं तेरा केवळ चित्रमय पडद्यावर दिसत, व मराठी त्या तेरांतली. आरंभीच्या यादींतील पहिली, साधी वाट कोणी धरली तर पुढच्या भाषांच्या यादींत मराठी नसेच. जालन्यांतील एखाद्या जिज्ञासूनें ती डिस्क घालून पहिल्याच ओळीवर एंटर दाबलें असेल, तर मराठी आली आहे हें त्यास कळलेंहि नसेल.

शब्दांविषयीं थोडें लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. इन्स्टॉलेशन यास कोणी अधिष्ठापना म्हणतात, कोणी प्रतिष्ठापना. दुसरा शब्द आम्हीं मथळ्यांत घेतला आहे खरा, पण तो ऐकून गणपतीची आठवण होते हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितांनीं राज्यव्यवहारकोश रचला आणि तेराचौदाशें यावनी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. तरी कागद कागदच राहिला आणि जमीन जमीनच. हैदराबादेंत उस्मानिया विद्यापीठासाठीं १९१७ सालीं स्थापिलेल्या भाषांतरखात्यानें शास्त्रांच्या परिभाषा उर्दूंत घडविल्या, त्यांचेंहि पुष्कळ अंशीं असेंच झालें. आमचें मत असें कीं जेथें चुकीनें नुकसान होत नाहीं तेथें भाषांतरकारानें हवा तेवढा भारदस्त शब्द वापरावा. पण डिस्कच्या वाटणीपाशीं तरी 'विभाजन सारणी' पेक्षां 'हिश्श्यांचा तक्ता' बरा, आणि 'स्वरूपण' पेक्षां 'सर्व पुसलें जाईल' हें शतपट बरें. तेथें वाचकाच्या विद्वत्तेची परीक्षा पाहावयाची नसते.

आतां निराळा इन्स्टॉलर घडविण्याचा प्रकार. जुन्या जालन्यांतील एखाद्या शाळेस दहा-वीस जुने संगणक मिळाले असें समजा. प्रत्येकापुढें बसून तेच ते प्रश्न सोडविणें शिक्षकांस परवडणारें नाहीं. म्हणून डेबियनच्या इन्स्टॉलरास सर्व उत्तरें एका साध्या फायलींत आगाऊ लिहून देतां येतात. या रीतीस प्रीसीड म्हणतात. रेड हॅटच्या घराण्यांत अशा फायलीस किकस्टार्ट हें नांव. केरळानें आपल्या शाळांसाठीं डेबियनवर आधारलेलें वितरण काढलें आणि सी-डॅकनें २००७ सालीं बॉस हें वितरण दिलें. अशा प्रत्येक प्रयत्नांत मूळ इन्स्टॉलरास आपल्या लोकांच्या गरजेप्रमाणें वळवून घेणें हें पहिलें काम असतें. त्यांत एक बारकावा आहे. भाषेचा प्रश्न सर्वांत आधीं येतो. म्हणून उत्तरांची फाइल जाळ्यावरून येणार असेल, तर ती पोंचण्यापूर्वींच तो विचारून झालेला असतो. मराठी आधीं ठरवावयाची तर फाइल इन्स्टॉलरच्या पोटांतच घालावी, किंवा यंत्र सुरू करण्याच्या आज्ञेंतच भाषेचें नांव द्यावें.

असा इन्स्टॉलर घडविणारा हा मुखत्यार होय. ज्याचा संगणक त्याच्या वतीनें तो सर्व उत्तरें देतो; आणि त्या फायलींत 'बदल डिस्कवर लिहावयाचे काय' याचें उत्तरहि 'होय' असें लिहून ठेवतां येतें. शाळेच्या रिकाम्या यंत्रांवर त्यानें बिघडत नाहीं. पण पेन ड्राइव्ह शाळेंतच राहतो असें कोठें आहे? एखादा उत्साही मुलगा तो घरीं नेतो, वडिलांच्या दुकानांतील संगणकास लावून पाहतो, आणि इन्स्टॉलर कांहींएक न विचारतां आपलें काम उरकतो. येथें तर अंगठाहि लागलेला नाहीं. मुखत्यारपत्र मुळांत दुसऱ्याच यंत्रांसाठीं लिहिलेलें होतें. म्हणून आमचें स्पष्ट सांगणें असें कीं वेळ, कळफलक, जाळें, कार्यक्रमांची निवड, या सर्वांचीं उत्तरें खुशाल लिहावीं. हा एक प्रश्न कोरा सोडावा. ज्याचें उत्तर फायलींत नाहीं तो प्रश्न इन्स्टॉलर थांबून विचारतोच, आणि भाषा मराठी ठरविलेली असली तर मराठींत विचारतो. वीस यंत्रांवर वीसदां एक कळ दाबावी लागेल, एवढाच त्याचा खर्च.

मात्र तो प्रश्न मराठींतच राहील याची शाश्वति आपोआप मिळत नाहीं. प्रत्येक नव्या आवृत्तींत कांहीं प्रश्न नवे येतात, कांहींचे शब्द बदलतात. आणि जी ओळ भाषांतरित झालेली नाहीं ती इन्स्टॉलर मुकाट्यानें इंग्रजींत दाखवितो. अर्धा दस्त मराठींत व नेमकें महत्त्वाचें कलम इंग्रजींत, असा प्रकार त्यांतून होऊं शकतो. तेव्हां शाळेसाठीं इन्स्टॉलर तयार करणाऱ्यानें तो आधीं एका रिकाम्या यंत्रावर शेवटपर्यंत चालवून पाहावा, वाटणीच्या पडद्यावरील ओळ न् ओळ वाचावी, आणि जेथें इंग्रजी आढळेल तेथें तेवढ्या ओळी मराठी करून डेबियनच्या भाषांतरकारांकडे पाठवाव्या. काम फार तर दोन संध्याकाळचें. प्रतिष्ठापना संपल्यावर कोणत्या प्रश्नास काय उत्तर गेलें याची नोंद डेबियन नव्या यंत्राच्या रोजनाम्यांत ठेवून देतो. ती उघडून तपासतां येते, पण तेथें प्रश्नांचीं नांवें अजून इंग्रजींतच असतात.