वॉल्टर टल आणि ‘पहिला’ हे विशेषण

पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये वॉल्टर टल याचे नाव इंग्लंडमध्ये विशेष आदराने घेतले जाते. ‘ब्रिटिश लष्करातील पहिला कृष्णवर्णीय अधिकारी’ असा त्याचा उल्लेख वारंवार आढळतो. हे विशेषण त्याच्या चरित्रावर कितपत प्रकाश टाकते आणि कितपत ते झाकोळते, याचा विचार अवश्य आहे.

टलचा जन्म २८ एप्रिल १८८८ रोजी फोकस्टन येथे झाला. पिता डॅनियल हा बार्बाडोसहून आलेला सुतार. त्याच्या वडिलांनी गुलामगिरी भोगली होती. माता अ‍ॅलिस ही केंट परगण्यातील होती. १८९५ मध्ये माता आणि १८९७ मध्ये पिता निवर्तल्यावर वॉल्टर व त्याचा भाऊ एडवर्ड यांची रवानगी लंडनमधील बेथनल ग्रीन येथील मेथडिस्ट अनाथालयात झाली. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतले व तो दंतवैद्य झाला. वॉल्टरने छापखान्यात उमेदवारी केली.

क्लॅप्टन या हौशी संघाकडून नाव मिळविल्यावर १९०९ मध्ये तो टॉटनहॅम हॉटस्परचा व्यावसायिक खेळाडू झाला. त्याच वर्षी ब्रिस्टल येथील सामन्यात प्रेक्षकांच्या एका गटाने त्याच्या वर्णावरून त्याला अर्वाच्य शिवीगाळ केली. समकालीन वार्ताहराने त्या वर्तनाचा निषेध करून टलच्या संयमाची प्रशंसा केली. तथापि लवकरच तो पहिल्या संघातून मागे पडला. टॉटनहॅमसाठी पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये त्याचे अवघे १० सामने झाले. १९११ मध्ये हर्बर्ट चॅपमन या व्यवस्थापकाने त्याला नॉर्दॅम्प्टनला नेले. तेथे त्याने शंभराहून अधिक सामने खेळून स्थिर कीर्ती संपादन केली.

डिसेंबर १९१४ मध्ये तो मिडलसेक्स रेजिमेंटच्या १७ व्या, म्हणजेच ‘फुटबॉल’ पलटणीत दाखल झाला व सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत चढला. १९१६ मध्ये तोफांच्या माऱ्याने मनावर आघात होऊन त्याला उपचारांसाठी मायदेशी पाठवावे लागले. तरीही तो पुन्हा आघाडीवर गेला. स्कॉटलंडमधील प्रशिक्षणानंतर ३० मे १९१७ रोजी तो सेकंड लेफ्टनंट झाला. अधिकारपदासाठी उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा, असा त्या काळी लष्कराचा दंडक होता. म्हणून या नेमणुकीला महत्त्व. अधिकाऱ्यांच्या मोठ्या प्राणहानीमुळे दंडकाकडे काणाडोळा झाला असावा, असे अनुमान सयुक्तिक वाटते.

१९१८ च्या आरंभी इटलीतील पियावे नदीपार छाप्यात त्याने २६ सैनिकांचे नेतृत्व केले व सर्वांना सुखरूप परत आणले. मेजर-जनरल लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याची व धीरोदात्ततेची नोंद केली. २५ मार्च १९१८ रोजी, जर्मन वसंत-आक्रमणात, फ्रान्समधील फाव्ह्रे गावानजीक तो मारला गेला. सहकाऱ्यांनी प्रयत्न करूनही त्याचा देह हाती आला नाही. आरास येथील स्मारकावर त्याचे नाव कोरले आहे. १९९९ मध्ये नॉर्दॅम्प्टन येथेही त्याचे स्मारक उभारण्यात आले.

आता ‘पहिला’ या विशेषणाकडे वळता येईल. जमैकात जन्मलेला मिश्रवंशीय जॉर्ज बेमंड हा १९१५ मध्येच तोफखान्यात अधिकारी झाला होता. क्रीडाक्षेत्रातही आर्थर व्हॉर्टन हा टलच्या कितीतरी आधी, १८८९ मध्ये, व्यावसायिक झाला. क्रमवाचक विशेषणाची सत्यता केवळ गणतीवर अवलंबून असते. एखादे नवे कागदपत्र उजेडात येताच ते डळमळते. परंतु बेमंडशी तुलना केल्यास टलचे खरे वैशिष्ट्य दिसू लागते. बेमंडने शुद्ध युरोपीय वंशाविषयीच्या प्रश्नास अर्जात होकारार्थी उत्तर दिले. नियम निदान कागदावर तरी अबाधित राहिला. टलच्या बाबतीत ती पळवाट उपलब्ध नव्हती. हजारो प्रेक्षकांनी त्याला मैदानावर पाहिले होते. त्याची नेमणूक हा नियमाचा उघड भंग होता आणि तो लष्करानेच केला.

नियम लिखित असतो, त्याचा भंग बहुधा अलिखित राहतो. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने दोहोंची सांगड घालणे आवश्यक ठरते. टल पहिला होता की नव्हता, यापेक्षा ज्या व्यवस्थेने त्याला अधिकारपदास अपात्र मानले, तिनेच २६ जणांचे प्राण त्याच्या हाती सोपविले, ही विसंगती अधिक बोलकी आहे.